उभ्या गाडीला धक्का : विमा मागावा की खिशातून भरावे?

सदर : व्यवहार आणि विवेक



बाजारपेठेत दुकान असलेल्या कुटुंबावर एक प्रसंग कधी ना कधी येतोच. सकाळी गाडी दुकानापासून थोड्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला नीट लावलेली असते. संध्याकाळी कुलूप लावून गाडीपाशी यावे, तर मागचा बंपर तडकलेला, शेजारचा पत्रा आत गेलेला आणि रंग खरवडलेला दिसतो. धक्का देणारा केव्हाच निघून गेलेला असतो. मागे त्याने ना चिठ्ठी ठेवलेली असते, ना नंबर. आधी राग येतो. मग प्रश्न येतो आणि तो घरी जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतो : विमा मागायचा की नाही?

सांगलीच्या एका वाचकबंधूंनी हाच प्रश्न आमच्याकडे पाठविला आहे. गाडी मार्केट यार्डाबाहेर उभी होती. घरात दोन मते पडली आहेत. चिरंजीव म्हणतात, "अण्णा, पाच हप्ते भरले, कंपनीकडून एक रुपया घेतला नाही. यात चूकही आपली नाही. मग विमा काढला तरी कशाला?" अण्णांचे म्हणणे असे की, "एवढ्यातेवढ्यासाठी विमा मागायचा नसतो, बोनस जातो." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघांपैकी कोणीही कागदावर आकडा मांडलेला नाही. व्यापारी घराने निदान तेवढे तरी करावे. म्हणून या महिन्यात हा हिशेब सविस्तर पाहू.

आधी पॉलिसी उघडावी

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला तृतीय पक्षाचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तो सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई यातून होते. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा. तो ऐच्छिक आहे. गाडी जुनी झाली की खर्च वाचविण्यासाठी पुष्कळ घरांत केवळ थर्ड पार्टी पॉलिसी घेतली जाते. तशी असेल तर पुढचा विचार संपलाच. अज्ञात वाहनाने दिलेल्या धक्क्याचा खर्च आपणच सोसावयाचा.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. धक्का देऊन पळून गेलेल्या वाहनाबाबत सरकारी भरपाई मिळते, असे अनेकांनी ऐकलेले असते. ती योजना खरी आहे. परंतु ती माणसांसाठी आहे. २०२२ च्या योजनेनुसार अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. गाडीच्या पत्र्यासाठी त्यात काही नाही.

ओन डॅमेज पॉलिसी असेल, तर उभ्या गाडीला कोणी अज्ञाताने दिलेला धक्का तिच्या कक्षेत येतो. धक्का देणारा सापडला पाहिजे अशी अट नसते.

पहिल्या दिवसाची कामे

विमा मागायचा की नाही हे ठरण्यापूर्वीच काही कामे करून ठेवावीत, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या राहतात. गाडी जागेवरून हलविण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. गाडीचा क्रमांक आणि आजूबाजूची दुकाने त्यात दिसावीत. शेजारच्या दुकानांत सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी विनंती करून चित्रण उतरवून घ्यावे. काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढते आणि मग ते हाती लागत नाही. पोलीस ठाण्यात घटनेचा साधा तक्रार अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. पुढे कंपनीने विचारले तर ती उपयोगी पडते.

त्यानंतर गाडी वर्कशॉपमध्ये दाखवून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. हे एक-दोन दिवसांत उरकावे. कारण अपघाताची सूचना कंपनीला तत्काळ द्यावी अशी पॉलिसीतील अट असते आणि उशीर झाला की कंपनी त्याचे कारण विचारते. कंपनीच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी दुरुस्ती मात्र सुरू करू नये. सूचना देऊन नंतर क्लेम मागे घ्यावयाचा असेल, तर पैसे घेतले नाहीत व बोनस शाबूत आहे, असे कंपनीकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी कामास येत नाही.

बोनस नेमका किती जातो?

अण्णांच्या मनात असलेला 'बोनस' म्हणजे नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम घेतला नाही तर पुढच्या नूतनीकरणाला ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग दोन वर्षे घेतला नाही तर २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. पुढे ती ५० टक्क्यांवरच राहते. ही सूट थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नसते. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला सूट शून्यावर येते आणि पायरी पुन्हा खालून चढावी लागते.

चूक कोणाची होती हे येथे पाहिले जात नाही. चिरंजीवांचा 'चूक आपली नाही' हा मुद्दा न्यायाचा आहे, पण बोनसच्या नियमात त्याला स्थान नाही. ही सूट क्लेम न घेतल्याबद्दल आहे, निर्दोष असल्याबद्दल नाही.

बहुतेक लोक फक्त पुढच्या एका वर्षाचा तोटा मोजतात. खरा तोटा सर्व पायऱ्या पुन्हा चढेपर्यंतचा, म्हणजे पाच नूतनीकरणांचा असतो. ज्याला पुढच्या वर्षी ५० टक्के सूट मिळणार होती, त्याने क्लेम घेतला तर पहिल्या वर्षी त्याचे ५० टक्के जातात. दुसऱ्या वर्षी त्याला ५० ऐवजी २० टक्के मिळतात, म्हणजे ३० जातात. पुढे अनुक्रमे २५, १५ आणि ५ टक्के जातात. ही बेरीज १२५ टक्के होते. सरळ भाषेत, ओन डॅमेजच्या एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या सव्वापट रक्कम जाते.

याच रीतीने इतरांचाही हिशेब मांडता येतो. चालू पॉलिसीवर किती टक्के बोनस मिळाला आहे ते पाहावे, आणि पुढील पाच नूतनीकरणांत मिळून मूळ हप्त्याच्या किती टक्के तोटा होईल ते येथे वाचावे :

चालू बोनस शून्य असेल तर एकूण तोटा ५० टक्के
चालू बोनस २० टक्के असेल तर ८० टक्के
चालू बोनस २५ टक्के असेल तर १०५ टक्के
चालू बोनस ३५ टक्के असेल तर १२० टक्के
चालू बोनस ४५ किंवा ५० टक्के असेल तर १२५ टक्के

मूळ हप्ता म्हणजे बोनस वजा करण्यापूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता. पॉलिसीच्या कागदावर तो वेगळा दाखविलेला असतो. या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही तोट्यात धरावा. गाडीचे घोषित मूल्य दरवर्षी उतरते, त्यामुळे पुढील वर्षांचा मूळ हप्ताही थोडा उतरतो. म्हणून हा आकडा कमाल मर्यादेचा समजावा. ही टक्केवारी सर्वसाधारणपणे प्रचलित आहे. आपल्या पॉलिसीतील कोष्टक मात्र एकदा ताडून पाहावे.

कंपनी खरोखर किती देते?

आता दुसरी बाजू. वर्कशॉपचे बिल जितके, तितके कंपनी देते असे नाही. त्यातून तीन प्रकारची वजावट होते.

पहिली सक्तीची वजावट. १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये मालकाने सोसावयाचे असतात. हप्ता कमी व्हावा म्हणून आपण ऐच्छिक वजावट घेतली असेल, तर तीही यात मिळवावी.

दुसरी वजावट घसाऱ्याची. हा शब्द आपल्याला वह्यांतून परिचित आहे. बदललेल्या प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. काचेवर काहीच कापला जात नाही. पत्र्याच्या बदललेल्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात : दुसऱ्या वर्षात १० टक्के, तिसऱ्या वर्षात १५, चौथ्या वर्षात २५, पाचव्या वर्षात ३५, पाच ते दहा वर्षांच्या गाडीवर ४०. रंगकामाचे एकत्रित बिल असेल तर त्यातील २५ टक्के रक्कम रंगसाहित्याची धरून तिच्यावर ५० टक्के घसारा काढतात. मजुरीवर घसारा नसतो. आजकालचे बंपर प्लास्टिकचे असतात हे लक्षात ठेवावे. मागून धक्का बसलेल्या गाडीत बहुधा तोच बदलावा लागतो.

तिसरी बाब जीएसटीची, आणि ती विशेषतः पेढीच्या नावावर गाडी असलेल्यांनी वाचावी. मालक जीएसटी नोंदणीकृत आहे म्हणून दुरुस्तीवरील कराचे क्रेडिट तो घेईलच, असे गृहीत धरून काही वेळा भरपाईतून कर वगळला जातो. सामान्य व्यापारी पेढीला चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर, तसेच तिच्या दुरुस्तीवर व विम्यावर कलम १७(५) नुसार क्रेडिट घेता येत नाही. तसे पत्र कंपनीला द्यावे. अर्थात आपल्या विवरणपत्रात ते क्रेडिट चुकूनही घेतले गेलेले नसावे, हे कर सल्लागाराकडून पाहून घ्यावे.

आता सांगलीच्या गाडीचा हिशेब. गाडी सव्वाचार वर्षांची, १५०० सीसीच्या आतली. चालू बोनस ४५ टक्के. समजुतीसाठी ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,००० रुपये धरू. दुरुस्तीचा अंदाज असा : नवा बंपर ५,०००, पत्रा सरळ करण्याची मजुरी ४,०००, रंगकाम ८,०००; एकूण १७,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,०६०. बिल झाले २०,०६० रुपयांचे.

यातून बंपरवरील घसारा २,५०० आणि रंगावरील घसारा १,००० वजा केला की १३,५०० राहतात. त्यावर जीएसटी मिळवून १५,९३० होतात. सक्तीची वजावट १,००० काढली की कंपनीकडून १४,९३० रुपये येतात. उरलेले ५,१३० क्लेम घेऊनही मालकालाच भरावे लागतात.

दोन्ही बाजू समोरासमोर

बोनसचा तोटा ९,००० च्या सव्वापट, म्हणजे ११,२५०. जीएसटी धरून १३,२७५. कंपनीकडून येणार १४,९३०. पाच वर्षांच्या हिशेबाअंती हाती राहणारा फायदा १,६५५ रुपयांचा. पैसे आज मिळतात आणि तोटा पाच वर्षांत विभागून होतो, म्हणून व्याजाचे थोडे जमेस धरावे लागेल हे खरे. परंतु एवढ्यासाठी सर्व्हेअरची वाट पाहणे, गाडी चार-पाच दिवस अडकून पडणे आणि पुढे खरोखर मोठा अपघात झाला तर त्या वेळी क्लेमच्या नोंदी दोन असणे, हे सारे पत्करावे असे वाटत नाही. आमच्या मते या प्रसंगी अण्णांचे म्हणणे मानावे. तेही बंपर बदलण्याऐवजी दुरुस्त होतो का, हे एखाद्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे विचारून.

तथापि उत्तर प्रत्येक घरात हेच येईल असे नाही. पुढील परिस्थितीत ते बदलते.

झिरो डेप्रिसिएशन कव्हर घेतलेले असेल तर घसारा कापला जात नाही. याच उदाहरणात कंपनीकडून १९,०६० रुपये येतील आणि फायदा ५,७८५ रुपयांचा होईल. मात्र अशा कव्हरखाली वर्षात किती क्लेम घेता येतात याला पुष्कळ पॉलिसींत मर्यादा असते, ती पाहावी.

बोनस संरक्षणाचे कव्हर असेल तर त्याच्या अटींत बसणाऱ्या क्लेमने बोनस जात नाही. त्यासाठी वेगळा हप्ता भरलेला असतो. तेव्हा संकोच न करता क्लेम घ्यावा.

गाडी विकण्याचा विचार असेल तर तिचे पुढे काय होणार हे पाहावे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. वडिलांच्या नावावरील गाडीचा बोनस वडिलांचा, पेढीच्या नावावरील गाडीचा पेढीचा. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेतले तर तो तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीवर वापरता येतो. पुढच्या वर्षी मोठी गाडी घ्यावयाची असेल आणि तिचा ओन डॅमेज हप्ता समजा ३०,००० रुपये असेल, तर पहिल्याच वर्षी १५,००० रुपयांची सूट हातची जाईल. वीस हजारांच्या बिलासाठी अशा वेळी क्लेम घेणे म्हणजे उघड तोटा. उलट गाडी विकून दुसरी घ्यावयाचीच नसेल, तर जपून ठेवलेल्या बोनसला अर्थ उरत नाही. तेव्हा क्लेम घ्यावा.

ज्या घरात गाडी तीन-चार जण चालवतात आणि दर पावसाळ्यात काही ना काही होते, तेथे बोनस टिकण्याचा संभव मुळातच कमी. पुढच्याच वर्षी दुसरा क्लेम होणार असेल, तर आजच्या क्लेमचा खरा तोटा एका नूतनीकरणाइतकाच. म्हणून गेल्या पाच वर्षांचा अनुभव प्रामाणिकपणे आठवावा.

सोपा नियम हवा असेल तर असा धरावा : पूर्ण बोनस असलेल्या मालकाचा तोटा करासह मूळ हप्त्याच्या सुमारे दीडपट असतो. कंपनीकडून हाती येणारी रक्कम मूळ हप्त्याच्या दुपटीहून कमी असेल तर खिशातून भरावे. त्याहून बरीच जास्त असेल, उदाहरणार्थ दार, मागचे झाकण आणि चासीपर्यंत मार गेला असेल, तर कसलाही विचार न करता क्लेम घ्यावा. त्यासाठीच तर विमा आहे.

'हप्ता वसूल' होत नसतो

चिरंजीवांचा प्रश्न मात्र उत्तराविना सोडता येणार नाही. इतकी वर्षे पैसे भरले, मग विमा काढला कशाला? दुकानाच्या आगविम्याचा हप्ता आपण वर्षानुवर्षे भरतो. तो वसूल झाला नाही म्हणून कोणाला हळहळ वाटत नाही. उलट वाटते ते समाधान. गाडीच्या बाबतीत मात्र आपण हप्त्याला ठेव समजू लागतो आणि ती कधी तरी काढून घेतली पाहिजे असे मनात येते. विमा ही ठेव नव्हे. जो घाव आपल्याला पेलणार नाही तो वाटून घेण्याची ती व्यवस्था आहे. वीस हजारांचा घाव व्यापारी कुटुंबाला सहसा पेलतो. तीन लाखांचा जड जातो. लहान घाव स्वतः सोसून मोठ्यासाठी विमा राखणे, यालाच शहाणपण म्हणावे.

फॉर्मवर जे घडले तेच लिहावे

क्लेम घ्यावयाचे ठरले, तर पुढचा प्रसंग पैशापेक्षा नाजूक आहे. वर्कशॉपमधला मनुष्य कधी आपुलकीने सांगतो, "अज्ञात वाहन लिहू नका, खांबाला घासली म्हणून लिहा, सोपे जाते." कधी तो पुढच्या दाराचा दिवाळीतला ओरखडाही याच क्लेममध्ये 'बसवून' देण्याची तयारी दाखवतो.

या दोन्ही सूचना नाकाराव्यात. पहिलीची तर गरजच नाही. उभ्या गाडीला अज्ञात वाहनाने दिलेला धक्का पॉलिसीत बसतो. खांबाची गोष्ट रचली की त्या वेळी गाडी कोण चालवत होते, त्याचा परवाना कोणता, हेही रचावे लागते. वास्तविक गाडी उभी होती आणि चालवणारे कोणीच नव्हते. धक्क्याची उंची आणि पत्र्यावर उतरलेला दुसऱ्या गाडीचा रंग सर्व्हेअरला दिसतो. माहिती खोटी ठरली तर मुळात योग्य असलेला क्लेमही हातचा जातो. दुसऱ्या सूचनेबाबत इतकेच की प्रत्येक अपघात हा वेगळा क्लेम असतो आणि त्याची वजावटही वेगळी असते. जुना ओरखडा नव्यात मिसळणे म्हणजे जे देणे नाही ते घेणे.

तिसरी जागा याहून फसवी. क्लेम घेतल्यानंतर पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेताना 'मागील वर्षी क्लेम घेतला होता का?' असा प्रश्न येतो. घाईत कोणी तरी 'नाही' वर खूण करतो आणि ५० टक्के बोनस मिळून जातो. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करू शकते. आपण सही केलेल्या निवेदनातच असे मान्य केलेले असते की माहिती खोटी आढळल्यास ओन डॅमेजचे सर्व लाभ रद्द होतील. हे उघडकीस येते ते मोठ्या अपघातानंतर, लाखोंचा क्लेम समोर असताना.

आपल्याकडे सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत 'कूटलेखक्रिया' हा स्वतंत्र अतिचार सांगितला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्याचा उल्लेख आहे. खोटा लेख करणे, हा त्याचा अर्थ. वहीत खोटी नोंद करताना ज्याचा हात थांबतो, त्याचा हात क्लेमच्या फॉर्मवरही थांबला पाहिजे. कंपनी मोठी आहे आणि समोर कोणी माणूस दिसत नाही, एवढ्याने लेख खरा होत नाही.

धक्का देणारा सापडला तर

चित्रणात नंबर दिसला, तर आधी शांतपणे बोलावे. बाजारपेठेत तो पुष्कळदा ओळखीच्याच पेढीचा टेंपो निघतो. खर्च देण्यास तो तयार असेल तर रक्कम घेऊन दोघांच्या सह्यांचा कागद करावा. मग त्याच नुकसानीसाठी आपल्या कंपनीकडे मागणी करू नये. तो तयार नसेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. मालमत्तेचे नुकसानही तेथे चालते. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. पंधरा-वीस हजारांसाठी ही वाट लांबची आहे. पण नुकसान मोठे असेल तर ती माहीत असावी.

आणि तो टेंपो आपलाच असेल तर?

माल उतरविण्याच्या घाईत, अरुंद बोळात, दुसऱ्याच्या उभ्या गाडीला टेकणारे वाहन हे अनेकदा आपल्याच समाजातील कोणा व्यापाऱ्याचे असते. चालक पळतो, कारण त्याला पोलिसांपेक्षा मालकाची भीती वाटते : शेठ पगारातून कापतील. कापण्याची ही प्रथा पुष्कळ पेढ्यांवर आहे आणि चालकाला पळावयास तीच शिकविते.

कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर तेथे पोलीस नसल्यास चालकाने शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, नजीकच्या पोलीस ठाण्यात घटना कळवावयाची असते. आपल्या टेंपोचा थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान सर्वसाधारणपणे साडेसात लाख रुपयांपर्यंत भरून देतो. बोनस ओन डॅमेजवरचा असल्याने थर्ड पार्टी दाव्याने तो जात नाही. म्हणजे दुसऱ्याला त्याचे देणे देण्यात आपला बोनसही बुडत नाही. स्वतःच्या टेंपोला झालेल्या किरकोळ मारासाठी मात्र फार अपेक्षा ठेवू नये. मालवाहू वाहनांच्या पॉलिसीत बंपर, दिवे, मडगार्ड आणि रंगकाम हे वेगळा हप्ता भरल्याशिवाय समाविष्ट नसते.

म्हणून पेढीवर एक साधा नियम करावा. प्रत्येक टेंपोत दुकानाचे नाव व दूरध्वनी क्रमांक छापलेल्या चार चिठ्ठ्या ठेवाव्यात. कोणाच्या उभ्या गाडीला धक्का लागला तर चालकाने चिठ्ठी काचेवर अडकवावी, छायाचित्र घ्यावे आणि मालकाला कळवावे. जो कळवील त्याच्या पगारातून काही कापले जाणार नाही, हे मालकाने त्याला आधीच आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. लहान खर्च पेढीने सोसावा. सांगलीच्या त्या गाडीच्या काचेवर अशी एक चिठ्ठी असती, तर अण्णा आणि चिरंजीव यांच्यात वाद होण्याचे कारणच उरले नसते.